बाभळीवरचा पावशा
घाणेरीचा पाला चुरगळला की मला घोटावड्याजवळचा घाणेरीनं भरलेला एक माळ आठवतो. बाभळीवर राखी पाठीचा पक्षी बसला होता. शिकारी शिक्रा की निरुपद्रवी पावशा, मला कळेना. मी दुर्बीण लावली, तोच मागून शेळ्या राखणारी बाई आली. "जमीन हेरतीस व्हय? कुना बिल्डरची तू?" मी पक्षी दाखवला. "ह्योच माज्या कोंबडीची पिल्लं नेतोय," म्हणत तिनं दगड उचलला. मी घाईनं दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं पाहून सांगितलं: पक्ष्याची चोच शिक्र्यासारखी बाकदार नव्हती, सरळ होती, चोचीत केसाळ सुरवंट वळवळत होता. पावशाच तो! तिनं दगड खाली टाकला. "पाखरू कळलं. पन तू कोन, त्ये न्हाई कळलं." आता त्या माळावर बंगले उभे आहेत. ती मलाच दोष देत असणार.