एकुलती एक खुर्ची

सरकारला अपंगांची नवी नवी आठवण झाली होती, तेव्हाची गोष्ट. अकोल्यात भरसभेत मंत्र्यांनी एका पोरीला चाकांची खुर्ची दिली. हार मात्र मंत्र्यांनाच घातले. पोरगी पंधरा-सोळा वर्षांची, जन्मापासून मान न धरणारी, न बोलणारी. सगळं भाषणभर ती खळखळून हसत होती. त्या सभेत शुद्धीवर तेवढी तीच होती, असं माझं मत आहे.

वर्षभरानं अकोटच्या एस्टीत तिचा बाप माझ्या शेजारी आला. पोरगी मांडीवर. खड्डा आला की त्याचा पंजा आपसूक तिच्या मानेमागे जायचा. मी विचारलं, "खुर्ची कुठं आहे?"

"घरी. आमच्या घरात खुर्ची तेवढी एकच. कोणी आलं का त्याले बसा म्हनाच लागते. पाटील बसले, गुरुजी बसले, जावई तं उठतच नाही."

"सरकारातून तपासायला कोणी येत नाही?"

"आले ना सायब. त्याईले का खाली बसवाव? खुर्चीवर बसले, चहा पेले अन् म्हणे, छान, खुर्ची वापरात हाये."

"आणि ही कुठं बसते?"

"हिले म्या साबणाच्या लाकडी खोक्याची खुर्ची केली. मानेमांगं कापसाची गादी, कमरेले पट्टा." खड्डा आला, पंजा मानेमागे गेला. "पट्ट्यानं लय काम झालं. बांधून घ्याले कोणताच पाहुणा राजी होत नाही."