सोता पाह्यलं का?

रंजनाताई फोन उचलून कधी 'हॅलो' म्हणत नसत. पलीकडच्या माणसाच्या तोंडून 'ताई, बिबट्या' एवढं निघेपर्यंत त्यांचा प्रश्न तयार असायचा, "सोता पाह्यलं का?" बहुतेकांनी पाहिलेला नसायचा. मेव्हण्यानं पाहिलेला असायचा. मग ताई मेव्हण्याचा नंबर घेत आणि त्यालाही तेच विचारत. मेव्हण्याला कुणीतरी व्हिडिओ पाठवलेला असायचा. अशा त्या माणसामागून माणूस गाठत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत, आणि तिथे बहुधा दुसऱ्याच राज्यातला जुना व्हिडिओ निघे.

वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत त्या होत्या. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण माझं संस्थेशी भांडण अजून मिटलेलं नाही. संस्थेचं फेसबुक पेज आणि गावोगावचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रंजनाताई सांभाळायच्या. नाशिकच्या आसपास ऊस आहे, उसात बिबटे आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यामुळे उसापेक्षा फोनमध्येच बिबटे जास्त. ताई मूळच्या निफाडकडच्या, उंच आणि काटक. त्यांना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. कानाला एक फोन, हातात दुसरा, आणि ऑफिसच्या व्हरांड्यात येरझाऱ्या. चहा कठड्यावर गार होत राही आणि तो तसाच एका घोटात संपे.

देवळाली कॅम्पच्या पुढे माझं लग्नाचं लॉन्स आहे. ओझरला मंडपवाल्याच्या खुर्च्या वाहण्यापासून मी सुरुवात केली; आज माझ्या दारात सिमेंटचे दोन पांढरे हत्ती आहेत. तिसरा जादा झाला, तो मागच्या भिंतीशी उभा आहे. एका लग्नसराईच्या तोंडावर ग्रुपवर व्हिडिओ फिरला. बिबट्या भिंतीवरून उडी मारतोय आणि खाली माझ्या लॉन्सचं नाव. हे कुणी केलं ते मला पक्कं माहीत आहे, त्याचंही लॉन्स याच रस्त्यावर आहे. दोन पार्ट्या तारीख सोडायची भाषा करू लागल्या. मी तडक संस्थेच्या ऑफिसात गेलो.

"तुमच्या पेजवर टाका, की आमच्याकडे बिबट्या नाही."

"व्हिडिओ खोटा हे, ते टाकते. बिबट्या नाही असं कसं टाकू?"

"व्हिडिओ खोटा म्हणजे बिबट्याही नाहीच की."

"शेठ, नाही हे मी सोता पाह्यलेलं नाय."

फुलवाला, आचारी, जनरेटरवाला, सगळ्यांशी मी आयुष्यभर भाव केला. वाक्याचा भाव करायची वेळ पहिल्यांदाच आली. 'बिबट्या नाही'वरून मी 'बिबट्याची शक्यता नाही'वर उतरलो. तिथून 'शक्यता फारच कमी'वर. ताई येरझाऱ्या घालत होत्या, पण जागच्या हलत नव्हत्या. शेवटी म्हणालो, "संस्थेला देणगी देतो."

"द्या. पावती मिळेल. वाक्य नाय मिळणार."

दुसऱ्या दिवशी मात्र त्या सकाळीच लॉन्सवर हजर. सगळं आवार पायी फिरल्या. मागच्या भिंतीपलीकडे, पाटाच्या कडेला, पंगतीतलं उरलेलं अन्न पडायचं. तिथे कुत्र्यांची झुंड होती.

"हे कोणाचं?"

"आचाऱ्यांचं."

"आन् आचारी कोणाचा?"

त्यांनी फोटो काढला. संध्याकाळी तो पेजवर दिसला: 'अन्नामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. लॉन्सवाल्यांनो, आधी उकिरडा हलवा.' नाव कुठेच नव्हतं. पण कोपऱ्यात माझ्या तिसऱ्या हत्तीची सोंड आली होती, आणि कॅम्पापासून नाशिकरोडपर्यंत सगळ्यांनी ती ओळखली. मी फोनवर वाट्टेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाव कुठं लिवलंय मी? हत्ती काय तुमच्या एकट्याकडंच हे का?"

उकिरडा मी हलवला. त्यांच्या सांगण्यावरून नाही, धंद्यासाठी. जागा धुऊन घेतली, फोटो पाठवला आणि बजावलं, आता हाही टाका. त्यांनी टाकला. खाली लिहिलं: 'मालकांनी उकिरडा हलवला. फिरणारा व्हिडिओ इथला नाही. आम्ही फिरून पाहिलं, बिबट्याच्या खुणा आढळल्या नाहीत. उद्याचं सांगता येत नाही.'

पहिली तीन वाक्यं मी फ्रेम करून लावली असती. चौथं वाचून डोकं फिरलं. लगेच फोन लावला. "ते शेवटचं काढा. चांगल्या जेवणात खडा टाकलात."

"ते काढलं तर वरच्या तिन्हींवर कोण विश्वास ठेवील?"

पार्ट्या टिकल्या. एका नवरीचे वडील मला म्हणालेसुद्धा, "बाकी सगळे शंभर टक्के सेफ म्हणतात. त्या बाईंनी लिहिलं, म्हणून आम्ही थांबलो." हे मी ताईंना सांगितलं नाही. का सांगावं? सोंडेचा फोटो त्यांनी टाकला तो टाकलाच.

पुढे संस्थेत नवी मंडळी आली. पेजला लाइक कमी पडतात, असं त्यांचं म्हणणं. पेज पुण्याच्या एका एजन्सीला दिलं आणि रंजनाताईंना सुरगाण्याकडे पाड्यांवर धाडलं. ग्रुपवर त्यांचा दोनच ओळींचा मेसेज आला: 'आजपासून या नंबरवर मी नाही. दिसला तर पळू नका.' मला मात्र स्वतःचा नंबर वेगळा पाठवला. कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. पेजवर आता सणांच्या शुभेच्छा, हरणांची चित्रं आणि 'ओळखा पाहू हा पक्षी' असतं. लाइक भरपूर आहेत.

यंदा एका लग्नाच्या सकाळी वॉचमन धावत आला. पाटाकडे काहीतरी मोठं हललं म्हणाला. वनखात्याला फोन केला. माणसं निघाली होती, पण दुपार होणार होती. संस्थेच्या पेजवर लिहिलं. तत्काळ उत्तर आलं: 'आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद. निसर्ग आपला मित्र आहे.' सोबत हरीण. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच हरीण. मला एका जागी उभं राहवेना. मांडवाला फेऱ्या मारत सुटलो, तेव्हा मंडपवाली पोरं माझ्या वाटेतून बाजूला व्हायला लागली. शेवटी सुरगाण्याला फोन लावला.

"सोता पाह्यलं का?"

"वॉचमननं..."

"वॉचमन नाय, तुम्ही. दोघं जा, मोठ्यानं बोलत जा. जमिनीचा फोटो काढा."

गेलो. पाटाच्या ओल्या चिखलात ठसे होते, माझ्या तळहाताएवढे. फोटो पाठवताच ताईंचा फोन आला.

"नखं उमटली नाय. कुत्र्याची उमटता. बिबट्याच हे. आता लिहा."

"कुणी?"

"तुम्ही. तुमच्या लॉन्सच्या पेजवर."

"ताई, संध्याकाळी लग्न आहे."

"म्हणूनच."

"'वन्यप्राणी' लिहितो."

"ससा पण वन्यप्राणीच. बिबट्या लिहा."

"लग्न लागल्यावर लिहितो."

"लेकरं त्याच्या आधी येतील का नंतर?"

मी लिहिलं. 'आमच्या लॉन्समागे पाटाजवळ बिबट्याचे ठसे मी स्वतः पाहिले. वनखात्याला कळवलं आहे. मागचं गेट बंद राहील. मुलांना एकटं सोडू नका.' नवरदेवाचे वडील पोस्ट दाखवत आले आणि भाडं पाडून मागू लागले. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. थोडं सोडलं. पंगत पुढच्या अंगणात घेतली, वनखात्याची माणसं बॅटऱ्या घेऊन मागे थांबली, आणि आयांनी मुलांचे हात सोडले नाहीत. लग्न पार पडलं.

पोस्ट ताईंना पाठवली होती. तिकडे रेंज कधी असते, कधी नसते. एखादा बरा शब्द येईल म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन बघत होतो. इतकी वर्षं भांडलोय, एवढा हक्क तर आहे. दुपारी उत्तर आलं: 'शेवटचं वाक्य राहिलं.'

फोन सोफ्यावर आपटला. तिसऱ्या हत्तीपर्यंत चालत गेलो, तिथून परत आलो. मग पोस्ट उघडली आणि खाली लिहिलं: उद्याचं सांगता येत नाही.