गार होईपर्यंत

त्या संध्याकाळपर्यंत मामाला एका जागी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. बॅटऱ्यांच्या वर्कशॉपात त्याला 'पारा' म्हणत. जेवताना त्याचा गुडघा हले आणि टेबलावरचं पाणी हिंदकळे.

बॅटरीत भरायचं ॲसिड तो बनवी. टबात पाणी, पाण्यात ॲसिडची बारीक धार, मग हायड्रोमीटर. काचेची ती नळी बाराशे ऐंशीच्या खुणेवर तरंगली, की एका लिटरचं वजन बाराशे ऐंशी ग्रॅम. त्यात सदतीस टक्के ॲसिड, म्हणजे पावणेपाचशे ग्रॅम. हा हिशेब त्याच्या जिभेवर असे. कुणी टक्के म्हटलं, की तो विचारी, "वजनाचे की मापाचे?" माझे परीक्षेतले टक्केही त्यातून सुटले नाहीत.

मामीच्या श्वासाचं यंत्र वीज गेली की बॅटरीवर चाले. ती बॅटरी मामा घरीच भरे, आणि नेमकी तीच वर्षाच्या आत मान टाकी. "प्लेटाच भिकार," तो कंपनीला शिव्या घाली. वर्कशॉपात टब रात्रभर ठेवून सकाळी मोजत. घरी तेवढा धीर कुठला? मध्येच वीज गेली तर?

त्या दुपारीही पाण्यात ॲसिड पडून टब वाफाळत होता. नळी खोल गेली: बाराशे पन्नास. त्याने आणखी ॲसिड ओतलं, नळी बाराशे ऐंशीवर आणली. नवी बॅटरी भरणार, तोच मामीला ठसका लागला. तो तिच्याकडे धावला. उबळ थांबायला संध्याकाळ झाली.

परत आला तेव्हा टब गार पडला होता. नळी वर आली होती: तेराशे दहा. त्याने ती पुसून पुन्हा सोडली. तेराशे दहाच.

"गरम होतं," तो पुटपुटला. गरम द्रव फुगतो, हलका भरतो. "तेराशे दहा म्हणजे एक्केचाळीस टक्के. प्लेटा खाणारं ॲसिडच लिटरमागे साठ ग्रॅम जास्त. दर वेळी."

"काय झालं हो?" मामीने आतून विचारलं.

"तुझ्या बॅटऱ्या मीच खाल्ल्या."

"आणि शिव्या कंपनीला!" ती हसली, हसताना पुन्हा खोकली.

त्याने दुसऱ्या टबात पाणी घेऊन त्यात ते सगळं हळूहळू ओतलं. टब पुन्हा कोमट झाला. त्याचा हात हायड्रोमीटरकडे गेला.

"अहो, बसा आता."

"आणि वीज गेली तर?"

"जुनी आहे ना. अर्धा तास काढेल."

"अर्धाच?"

"तेवढा वेळ तरी तुम्ही बसाल का, ते सांगा."

तो पलंगाच्या कडेला बसला. गुडघा उडू लागला, तसा त्याने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. मामीने आपलाही हात त्यावर ठेवला. एकदा दिवा मंद झाला. तो अर्धवट उठला. दिवा सावरला. यंत्र चालूच होतं.

तो परत बसला. टबाकडे पाहायचं नाही म्हणून भिंतीकडे पाहत.