छाती वाढवायला गेलो होतो

सातारा रोडला गाडी हलली, तरी वडील फलाटावर ताठ उभे होते. ते पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. महायुद्धाचे दिवस; गावातली पोरं भरती झाली होती, आणि माझी छाती मात्र मापात बसली नव्हती. ती योगानं वाढेल असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी मला सांगलीच्या तात्यांकडे धाडलं. मोजणीच्या वेळी मी मुद्दामच पुरता श्वास घेतला नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला लढाईला जायचंच नव्हतं.

मिरजेला गाडी बदलून सांगलीत उतरलो. सगळी पेठ हळदीच्या वासानं भरलेली. तात्या पूर्वीचे पैलवान. कृष्णेकाठच्या एका जुन्या तालमीत राहायचे. त्यांनी वडिलांची चिठ्ठी वाचली, सुतळीनं माझी छाती मोजली आणि आंबील (ताकातली ज्वारीची पेज) पुढे ठेवली.

पहाटे नदीत अंघोळ, मग आसनं, मग पूरक, कुंभक, रेचक (श्वास घेणं, धरणं, सोडणं). पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून आल्या की घाट चढवेना. शीर्षासनात तोल जाऊन तात्यांची घागर फोडली. ते रागावले नाहीत. योगाची अंगं आठ, म्हणाले. आसन तिसरं, प्राणायाम चौथा. त्याआधी यम आणि नियम, म्हणजे आपलं वागणं. यमांत अहिंसा आली, सत्य आलं. ते सुटलं तर बाकी नुसती कसरत.

महिनाभर ते ऐकत राहिलो. डोळे मिटले की वडील दिसायचे. एका सकाळी न राहवून सगळं सांगून टाकलं.

"मला पयल्याच दिवशी कळलं," तात्या म्हणाले. "चिठ्ठीतलं माप आन माजी सुतळी जुळत न्हवती."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"इचारून काय उपेग? ते तू सांगायचं हाय. आन मला न्हवं, बापाला."

दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी धरली. घरी पोचताच अंगणात उभ्याउभ्याच वडिलांना खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. चार दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. पाचव्या सकाळी मी घोंगडीवर बसलो होतो, तर आखडलेले गुडघे कसेबसे दुमडून ते शेजारी येऊन बसले.

"श्वास कसा घ्यायचा म्हनतोस?" त्यांनी विचारलं.

आता वडील नाहीत, तात्याही नाहीत. समाधी दूरच, ध्यानही रोज लागत नाही. पण पहाटे घोंगडी अंथरताना अजूनही मी डावीकडे थोडी जागा सोडतो.