खोलीकडे वळलेला धूर

शशिकांत गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहराच्या कौन्सिलला पत्र लिहीत होतो. 'सबब आपणांस कळविण्यात येते की' इथवर आलो होतो; ते वाक्य अजून तसेच अर्धे पडून आहे. फोनवर त्याची मुलगी मेघना होती. "काका, बाबा गेले. हॉस्पिटलमध्ये, आत्ता सकाळी. शेवटी श्वासच घेता येत नव्हता त्यांना." त्याला आता सहा आठवडे झाले. फुप्फुसांचा हा आजार कामामुळे जडला असावा, असे डॉक्टरांनी नोंदवल्याने प्रकरण कॉरोनरसमोर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर गेले आहे. त्यामुळे हा मजकूर श्रद्धांजली आहे की जबाब, हे माझे मलाही नीट सांगता येणार नाही.

बर्मिंगहॅममधल्या एका विद्यापीठात शशिकांत प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ होता. त्याने आयुष्यात एकच वस्तू उभी केली असे म्हटले तरी चालेल : काचेची एक उभी नळी, अकरा फूट उंच, छतातून वरच्या मजल्यावर गेलेली. तिच्यातून वायू इतका संथ वाहायचा, की त्याचे थर एकमेकांत मिसळत नसत, शेजारी शेजारी शांतपणे सरकत. त्या प्रवाहात तो काजळीचे सूक्ष्म कण सोडी, मग ओझोन सोडी, आणि कणांनी किती ओझोन गिळला हे नळीच्या वेगवेगळ्या उंचीवर मोजी. "इथे वेळ घड्याळात नसतो, काचेवर असतो," तो मला म्हणाला होता. "ही एक वीत म्हणजे एक सेकंद. मला हवा तो क्षण मी बोट ठेवून दाखवतो." मी चाळीस वर्षे सॉलिसिटरच्या कचेरीत काढली. घडलेला क्षण जिथल्या तिथे बोट ठेवून दाखवता येणे हे आमच्या धंद्यातले न साधलेले स्वप्न आहे. मला त्याचा हेवा वाटला.

नळीतून बाहेर पडणारा वायू भिंतीतल्या झडपेतून पंखा ओढून नेई. त्या झडपेसमोर शशिकांत रोज सकाळी एक उदबत्ती लावत असे, आईने दिलेल्या पितळी घरात खोचून. धुराची रेघ झडपेकडे ओढली गेली तर पंखा ठीक. उलट आली तर नळीतले सारे खोलीत, आणि खोलीत तो एकटा. धूर जाईल त्या दिशेला तो डायरीत रोज एक बाण काढी. सुरक्षा विभागाचा एक अधिकारी एकदा उदबत्तीची चौकशी करायला आला, आणि हा धार्मिक विधी आहे का, असे त्याने अत्यंत अदबीने विचारले. शशिकांत हसून म्हणाला, सकाळची सवय आहे. अधिकाऱ्याने फाइलमध्ये नोंद केली : उपासना, हरकत नाही. ही गंमत सांगताना शशिकांतला ठसका लागला होता. "अरे, मी त्यांना भटजी वाटतो. वाटू दे की. आता त्या धुरावर फुंकर मारायचीही कुणाची हिंमत नाही."

तो ठसका मी हसण्याचा समजलो.

तीन वर्षांपूर्वी, त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याने मला डायरी दाखवली. पानांमागून पाने बाण खोलीकडे. मी तिथेच कागद मागितला आणि विद्यापीठाला नोटीस लिहिली. मजकूर कडक होता. आजही त्यातला एक शब्द बदलणार नाही. शशिकांतने ती वाचली, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवली. पंखा दुरुस्त करायचा तर नळी उतरवावी लागणार होती, आणि ती पुन्हा तशीच सरळ उभी राहायला वर्ष गेले असते. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. "एवढी शेवटची मोजणी होऊ दे रे. मग तू हवी तेवढी पत्रं लिही." मी ऐकले. फालतू कारणांसाठी अख्ख्या शहराला पत्रे लिहिणारा मी, ते एक पत्र मात्र पाठवले नाही, तो निवृत्त झाल्यावरही नाही...

आता विद्यापीठाचे म्हणणे असे, की कर्मचाऱ्याने कधीही तक्रार केली नव्हती. मला संताप येतो तो या वाक्याचा, कारण ते खरे आहे. पण हवा ओढणारी यंत्रणा तपासण्याचे कर्तव्य मालकाचे असते. त्यासाठी कामगाराच्या तक्रारीची वाट पाहायची नसते. तपासणीचा कागद त्यांनी सादर केला आहे. त्यावर 'समाधानकारक' असा शेरा आहे आणि सही आहे. त्याच तारखेचे डायरीतले पान मी काढून पाहिले. बाण खोलीकडे होता. रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ आहे. तपासायला जो कोणी आला, तो त्या धुराकडे आदराने पाठ करून उभा राहिला असेल.

गेल्या रविवारी ती जुनी नोटीस घेऊन मी मेघनाकडे गेलो. ती कॉरोनरकडे पाठवली, तर विद्यापीठाचा कागद खोटा ठरायला बळ मिळेल. पण शशिकांतला सारे ठाऊक होते हेही उघड होईल, आणि मलाही. मेघनाने ती दोनदा वाचली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, काका?"

"होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसलो."

तिने नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, "पाठवा. बाबांचं जे चुकलं ते पण जाऊ दे त्यात. तुमचं पण."

निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेतून आलेल्या खोक्यात ते पितळी उदबत्तीचे घर होते. तिने ते वडिलांच्या फोटोसमोर ठेवले आणि उदबत्ती लावली; आयुष्यात पहिल्यांदाच, असे म्हणाली. धुराची रेघ चार बोटे सरळ वर गेली, जशी त्याच्या नळीत जायची. मग वाकली. खिडकी बंद होती, दारही. मेघना डायरी उघडून पेन्सिल शोधू लागली. पुराव्याच्या वहीत नवी खूण करायची नसते, असे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली, माझ्या हातातले नोटिशीचे पाकीट घेतले, उलटे केले आणि त्याच्या पाठीवर सावकाश एक बाण काढला.

आमच्याकडे.

पाकीट मी बदलले नाही. तसेच पोस्टात टाकले.