पडदा कुणाच्या हातानं फाटला

"हिचे हात हुंगून बघ गं," सर अनघाला म्हणाले.

बारामतीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. भर सकाळी, दहा-बारा जणांसमोर. अनघा वालचंदनगरच्या कॉलनीतली, माझ्याबरोबरच संशोधनाला लागलेली, माझ्या डब्यातली चटणी मिटक्या मारत खाणारी. तिनं माझा हात नाकाशी नेला. म्हणाली, "येतोय थोडा."

कसला वास? सकाळपासून माझे हात हातमोज्यांत होते. रबराचा आला असेल तर आला असेल. पण सगळे हसले. सर म्हणाले, "घरी मासे साफ करून यायचं आणि इथं माझे नमुने नासवायचे. तुमच्यात चालत असेल, इथं नाही."

माझे आबा पळसदेवला धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात. हे मीच मुलाखतीत सरांना सांगितलं होतं, अगदी अभिमानानं. मूर्ख मी.

भांडण होतं एका आकड्याचं. उसावर फवारायच्या एका औषधात चांदीचे नॅनोकण होते, डोळ्याला न दिसणारे. ते जिवंत पेशीला इजा करतात का, हे आम्ही तपासत होतो. पेशीचा पडदा चरबीच्या दोन थरांचा असतो. तसलेच चरबीचे सूक्ष्म फुगे आम्ही बनवायचो, आत रंग भरायचो आणि त्यांच्यात कण सोडायचो. पडदा फाटला की रंग बाहेर येतो, मशीनवर आकडा चढतो. सरांचा आकडा जागचा हलत नव्हता. माझा चढत होता.

सरांनी निकाल देऊन टाकला. माझ्या हाताला माशाचं तेल, ते पडद्यात मिसळतं, म्हणून फुगे फुटतात. बोलणं इतकं शास्त्रीय की मलाही ते खरं वाटलं. एसटीत बसून भिगवण येईपर्यंत मी स्वतःचे हात हुंगत होते. त्याची लाज मला आजही सगळ्यात जास्त वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मला नमुन्यांना हात लावायची बंदी. फक्त काचेची भांडी धुवायची.

तिथंच मनात शंकेची पाल चुकचुकली. सरांच्या कणांची रिकामी बाटली विसळली की फेस यायचा. माझ्या बाटलीला यायचा नाही. तो फेस माझ्या ओळखीचा होता. बारावीच्या सुट्टीत गावच्या डेअरीवर मी दुधाचे कॅन धुतलेत. पहिल्या पाण्याला हाच चिवट फेस येतो, साबणाचा वेगळा. कपाट धुंडाळलं. दुधातल्या प्रथिनाची बरणी मागं सरकवून ठेवलेली. कणांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सर ते मिसळत होते आणि प्रयोगाच्या वहीत त्याचा एक शब्द नव्हता. प्रथिन कणाला चिकटतं, कण झाकला जातो, मग तो पडद्याला धड भिडतच नाही. विकायच्या औषधात मात्र असलं काही नव्हतं.

अनघाला म्हटलं, प्रयोग तूच कर, तुझ्या हातानं. मी लांब उभी राहते.

जेवणाच्या सुट्टीत तिनं केलं. उघडे कण: आकडा चढला. प्रथिनातले कण: हलला नाही. तिचं तोंड उतरलं. "माझं नाव घेऊ नकोस हं," एवढंच म्हणाली.

आठवड्यानं सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली. "बाळ" म्हणाले. तेव्हाच मी सावध झाले. पुढ्यात कागद आला: माझ्या निष्काळजीपणामुळे नमुने खराब झाले, सबब माझे आकडे रद्द समजावेत. "सही कर. लेखात तुझं नाव घालतो."

मी म्हटलं, उद्या देते.

घरी आबा जाळं दुरुस्त करत होते. "कर सही," ते म्हणाले. "मोठ्या मान्सांशी वाकडं नगं."

माझं डोकंच फिरलं. हा माणूस जन्मभर असाच मान खाली घालत आला की काय, असंही मनात आलं. मग मी त्यांना फेसाची सगळी हकिकत सांगितली. त्यांचे हात थांबले.

"ते औशीद उसावरनं शेवटी जानार कुठं?"

"धरणात."

"आन धरनाच्या पान्यात दूध कोन घालनार?"

सहीचं ते पुन्हा काही बोलले नाहीत.

सकाळी तो कागद तसाच बिनसहीचा मी सरांच्या टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "सही करणार नाही, सर. दोन्ही बाटल्या बाहेर काढून ठेवल्यात. तुमच्या हातानं करा. सगळ्यांसमोर."

"फार शहाणी झालीस," सर म्हणाले. पण खुर्चीतून उठले नाहीत. काय होणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

आता ते माझी जागा काढून घेतील. दुसरा कुणी सर मला घेईल असंही वाटत नाही, सगळे एकमेकांना धरून असतात. वहीच्या पानांचे फोटो जोडून मी विद्यापीठाला अर्ज पाठवलाय. खाली माझं पूर्ण नाव, गावासकट. अनघाचं नाव घातलेलं नाही, तिची भीती तिच्यापाशी. अर्ज दाबतील, हेही धरून चाललेय. दाबला तर दुसरा लिहीन.

तो आकडा मी खोडणार नाही. ज्याला खोडायचाय त्यानं स्वतःच्या सहीनं खोडावा.