सलीमभाईंची केटी

बातम्या दुसऱ्या दिवशी शिळ्या होतात, किस्से मात्र कचेरीतच साचत राहतात. गुलमंडीजवळच्या आमच्या वर्तमानपत्रात साचलेले निम्मे किस्से सलीमभाईंचे. ते आमचे एकुलते एक प्रोग्रामर. आता पुण्यात असतात.

*

आमचं सॉफ्टवेअर अर्धं जावा या जुन्या संगणकभाषेत, अर्धं कोटलिन या नव्या भाषेत. बातमीतल्या चुका शोधणारं फंक्शन सलीमभाईंनी नव्या भाषेत लिहिलं. स्क्रीनवर ओळ होती : बातमी.तपास().

मी उपसंपादक; भडकलो. "बातमी स्वतःच स्वतःला तपासते? मग इतकी वर्षं मी काय केलं?"

"नुसतं दिसतं तसं, साहब. तपासणारा बाहेर बसलेला असतो. त्याचं नाव येत नाही."

"म्हणजे आमच्यासारखंच. राबायचं आम्ही, वर छापायचं 'आमच्या प्रतिनिधीकडून'."

*

जुन्या भाषेला हे चालत नाही. जावातून तेच फंक्शन बोलवायचं तर आधी त्याच्या फाइलीचं नाव घ्यायचं, मग बातमी तिच्या हातात द्यायची : सलीमकेटी.तपास(बातमी). फाइलीचं नाव सलीम. 'केटी' ही कोटलिनची खूण, भाषेनं आपोआप जोडलेली.

कन्नड तालुक्याचे वार्ताहर भाऊराव मागं उभे होते. "सलीमभाई, कॉलेज सोडून लई वर्षं झाली. राहिलेल्या विषयाची केटी अजून निघाली नाय व्हय?"

"राहू द्या, भाऊराव. नाव तरी लागतंय."

*

वर्धापनदिनाच्या अंकात सगळ्यांची नावं छापायची ठरली. सलीमभाईंनी मुकुंदवाडीला घरी आईला आधीच सांगून ठेवलं. अंक आला. त्यात होतं, 'तांत्रिक साहाय्य : संगणक विभाग'.

मी संपादकांशी भांडलो. ते म्हणाले, "विभागात एकच तर माणूस आहे. कळेल लोकांना."

सलीमभाई एवढंच म्हणाले, "जाने दो साहब. जावाला माहीत आहे."

पुढच्याच महिन्यात त्यांनी पुणं गाठलं. दुपारी चहा सांगताना अजूनही माझ्या तोंडून 'दोन' निघतं.

*

त्यांच्या जागी वैशालीताई आल्या. वरून फर्मान निघालं : फाइलींना माणसांची नावं नकोत. ताईंनी 'सलीम' काढून 'तपासणी' केलं. नवा भाग बिनबोभाट चालला; तिथं नाव लागतच नव्हतं. जुना भाग मात्र अडून बसला. भर दुपारी सगळं काम ठप्प.

मी धावत गेलो. "काय म्हणतोय?"

"एकच ओळ, सर. सलीमकेटी सापडत नाही."

स्क्रीनभर तीच ओळ, खाली खाली उतरत गेलेली. मी खुर्ची ओढून बसलो.

"थांबा ताई, पुसू नका एवढ्यात. आख्ख्या कचेरीत तेवढ्या एकानंच विचारलंय."